शिक्षेविना गुन्हा : रिप्ली आणि वाचकाचा नीतिविवेक

गुन्ह्याभोवती रचलेल्या कादंबरीतील भयावहता रक्तपाताच्या वर्णनात शोधण्याची आपल्याला सवय आहे. पॅट्रिशिया हायस्मिथ यांची ‘द टॅलेन्टेड मिस्टर रिप्ली’ (१९५५) ही कादंबरी या सवयीला छेद देते. टॉम रिप्ली सान रेमोच्या समुद्रात डिकी ग्रीनलीफला वल्ह्याने ठार मारतो. त्याचे नाव, कपडे आणि उत्पन्न आपलेसे करतो. रोममध्ये संशय घेणाऱ्या फ्रेडी माइल्सचाही जीव घेतो आणि अखेरीस बनावट मृत्युपत्राच्या आधारे डिकीचा वारस ठरतो. खुनी कोण, हा प्रश्न येथे उद्भवतच नाही. मग उत्कंठा टिकते कशावर?

याचे उत्तर निवेदनतंत्रात सापडते. निवेदन तृतीयपुरुषी असले, तरी दृष्टिकेंद्र टॉमच्या जाणिवेशी जखडलेले आहे. फ्रेडीचे प्रेत तो दारुड्याला सावरून न्यावे तसे खाली नेतो, तेव्हा त्याला कोणी हटकू नये, असे वाचकालाही वाटू लागते. मृतासाठी हळहळण्याआधी खुन्यासाठी धास्तावणे, ही नीतीची सीमा वाचक नकळत ओलांडतो.

दस्तयेवस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ (१८६६) या कादंबरीत रास्कोल्निकोव्ह अखेर कबुलीजबाबापर्यंत पोहोचतो आणि त्याच्याविषयीची वाचकाची समानुभूती नैतिक व्यवस्थेत सामावली जाते. हायस्मिथ ही परतीची वाट बंद करतात. रिप्लीला भय आहे. कबुलीकडे नेणारा पश्चात्ताप नाही. रने क्लेमाँ यांनी १९६० साली याच कादंबरीवर केलेल्या चित्रपटात मात्र नौकेच्या तारेत अडकलेले प्रेत शेवटी वर येते. हा बदल केवळ कथानकापुरता नाही. चित्रपट प्रेक्षकाला त्याच्या अवघड इच्छेतून सोडवतो; कादंबरी वाचकाला त्या इच्छेसह एकटे ठेवते.

या रीतीची किंमतही नोंदवली पाहिजे. डिकीच्या मैत्रिणीचे, मार्जचे दुःख आपल्याला टॉमच्या मार्गातील अडचण म्हणूनच भेटते. अशा साहित्याने नीती ढासळते, हा आक्षेप येथेच बळावतो. परंतु वाचनातील सहभाग म्हणजे अनुमोदन नव्हे. मार्जकडे आपण कोणाच्या नजरेने पाहत होतो, हे ध्यानात येताच वाचकाला स्वतःच्या आस्वादाचीच झडती घ्यावी लागते. संहितेत न्यायाधीश नसल्यामुळे ते काम अन्य कोणावर सोपवता येत नाही.