प्रवासाची पूर्वतयारी आणि प्रवासवर्णन

प्रवासवर्णनाचे परीक्षण करताना लेखकाने काय पाहिले आणि ते कसे सांगितले, ह्या दोन गोष्टींचा विचार आपल्याकडे पुष्कळ होतो. निघण्यापूर्वी त्याने काय वाचले, कोणास विचारले व मनाशी काय योजिले, हा प्रश्न मात्र सहसा कोणी काढीत नाही. आमच्या मते प्रवासवर्णनाचे यशापयश बरेचसे ह्या पूर्वतयारीतच ठरून जाते.

विष्णुभट गोडसे ह्यांच्या ‘माझा प्रवास’चे उदाहरण घेऊ. कोकणातील वरसईचे हे भिक्षुक १८५७ साली उत्तरेकडे निघाले, ते बायजाबाई शिंदे मथुरेस यज्ञ करणार असून तेथे विपुल दक्षिणा मिळेल, अशी वार्ता ऐकून. घरी कर्ज होते. वडिलांची अनुज्ञा मिळवावी लागली. सोबतीला काका होते. म्हणजे तयारी होती, पण ती यज्ञाची. वाटेत गाठ पडली बंडाशी, आणि पुढे झाशीच्या वेढ्याशी! योजिलेले सर्व कोसळले. तरीही गृहस्थ तगले, कारण वेदविद्या, पाठांतर आणि अनोळखी माणसास विचारण्याची सवय ही शिदोरी कोणास लुटता येण्याजोगी नव्हती. द्रव्य गेले, गंगोदकाची कावड तेवढी घरी आली.

ह्यावरून कोणी असे अनुमान काढील की, आधी काही न शोधणे हेच प्रवासवर्णनास हितावह. हे मत आम्हांस मान्य नाही. १९०७ साली चिं. वि. वैद्य ह्यांनी प्रसिद्ध केलेला हा ग्रंथ आज वाचताना दोन प्रतींचा मजकूर स्पष्ट दिसतो. झाशीत जे डोळ्यांनी पाहिले, ते वर्णन अंगावर काटा आणते. परंतु बंडाची कारणे वगैरे जे केवळ कानी आले, ते पारखून घेण्याचे साधन लेखकापाशी नव्हते, आणि तेथे ग्रंथ लंगडा पडतो. चौकशीचा अभाव हा गुण नव्हे. भटजींच्या प्रतिभेने तो झाकला, इतकेच.

उलट टोकास पु. ल. देशपांडे ह्यांची ‘अपूर्वाई’ (१९६०) आहे. त्यांच्या पिढीला इंग्लंड शाळेतून व पुस्तकांतून आधीच परिचयाचे झालेले. हा पूर्वपरिचय लेखक लपवीत नाही. मनातले विलायत आणि समोरचे विलायत ह्यांची तो गाठ घालून देतो, व त्या विसंगतीतून विनोद फुलतो. तयारी येथे ओझे न होता मोजपट्टी होते.

आता थोडे आमच्या सीमाभागाविषयी. शाळेच्या सहलीनंतर निबंध लिहविण्याची आमची जुनी प्रथा आहे. खानापूर तालुक्यातील हलशीस जाण्यापूर्वी आम्ही मोठ्या उत्साहाने टिपण तयार करून मुलांस उतरवून दिले : कदंबांची पलाशिका, भूवराह-नरसिंहाचे मंदिर इत्यादी. परत आल्यावर निबंध वाचले, तो आमचेच टिपण चाळीस हस्ताक्षरांत! त्या मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत, हे डोळ्यांत भरणारे वैशिष्ट्य एकाही मुलाने लिहिले नाही, कारण ते आमच्या टिपणात नव्हते. दोष मुलांचा नव्हता. पाहण्याआधीच आम्ही त्यांना उत्तरे देऊन ठेवली होती.

पुढल्या वर्षी बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती पाहावयाची होती. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य ह्याच्या काळी, १२०४ च्या सुमारास, त्याचा मंत्री बीचण ह्याने बांधविलेले हे जैन मंदिर. ह्या खेपेस टिपण न देता दोनच प्रश्न दिले : नावातले कमळ कोठे आहे? आणि मंदिरास ‘बस्ती’ का म्हणतात? पहिल्याचे उत्तर मुलांनी माना वर करून छतात शोधले. दुसऱ्यासाठी त्यांना शेजारच्या कन्नड घरी जावे लागले. बस्ती म्हणजे बसदि, जैन मंदिर, हे तेथे उमगले. आणि कन्नड बसदि व आपली वस्ती ही दोन्ही संस्कृत ‘वसति’ची लेकरे, हे वर्गात फळ्यावर आले. त्या वर्षीचे निबंध भाषेने ओबडधोबड होते, पण एकासारखा दुसरा नव्हता.

आज हव्या त्या स्थळाची माहिती व छायाचित्रे निघण्यापूर्वीच हाती येतात. त्यामुळे प्रवासवर्णने संख्येने वाढली, तरी पुष्कळांत आमच्या त्या टिपणाचीच कळा दिसते. लेखकाने घरून उत्तरे नेली की प्रश्न नेले, ही कसोटी समीक्षकांनी एकदा लावून पाहावी, अशी आमची नम्र सूचना आहे. सीमेवर राहणाऱ्या आम्हांस तर तिचे मोल अधिक. येथे अर्धी उत्तरे शेजाऱ्याच्या भाषेत असतात, आणि त्याचे दार ठोठावण्याची तयारी ही प्रवासाची पहिली तयारी होय.