हक्का स्वयंपाकघर आणि ‘चिवटपणा’ नावाचा निसरडा शब्द

‘हक्का’ हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांना गाडीवरच्या नूडल्समुळे माहीत. ते एका समाजाचं नाव आहे हे मला एम.एस्सी. होईपर्यंत ठाऊक नव्हतं. कळलं ते लिंडा लाउ अनुसासनानन यांच्या ‘द हक्का कुकबुक’मुळे (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रेस, २०१२). खारवलेल्या पालेभाज्यांवर पीएच.डी.चा प्रस्ताव लिहायचा होता, म्हणून हाती घेतलं. मोहरीचा पाला मिठात मुरवून, वाळवून ठेवायचा आणि डुकराच्या मांसाबरोबर वाफवायचा, हा त्यांचा ठेवणीतला पदार्थ. पुस्तक आवडलं, आणि त्यानेच मला फसवलंही. ते कसं, ते सांगते. तुमचाही प्रस्ताव लवकरच लिहायचा असेल.

हक्का म्हणजे ‘पाहुणी कुटुंबं’. मुख्यतः ग्वांगडोंग, फुज्यान आणि ज्यांगशी या दक्षिण चिनी प्रांतांच्या डोंगराळ पट्ट्यातले लोक. पूर्वज उत्तरेकडून आले अशी त्यांची धारणा. लेखिका आजीच्या कॅलिफोर्नियातल्या स्वयंपाकघरापासून सुरुवात करते. मग चीन, तैवान, मलेशिया, पेरू, कॅनडा असं फिरत तीसहून जास्त लोकांकडून १४० च्या वर पाककृती गोळा करते. कृतीबरोबर माणूस येतो, त्याचं गाव येतं, त्याचं स्थलांतर येतं. नमुना कुठून घेतला याची इतकी नीट नोंद मी काही शोधनिबंधांतही पाहिलेली नाही.

गडबड पुढे आहे. पुस्तकाचा सूर असा की एवढे हाल, एवढी स्थलांतरं होऊनही या स्वयंपाकाचा गाभा टिकला. आता बघा, या तीस जणांची निवड कशी झाली? हक्का म्हणून ओळख जपणारे आणि अजून ते पदार्थ करणारेच लोक भेटणार ना! ज्या घरात आजीबरोबर तो पाला खारवणं संपलं, त्या घराला पाककृतीच्या पुस्तकात पान कुठून मिळणार? फक्त टिकलेलंच मोजलं तर टिकण्याचं प्रमाण शंभर टक्केच येतं.

आणि गाभा म्हणजे नक्की काय? मीठ गरम करून त्यात अख्खी कोंबडी भाजतात, तो हक्का पदार्थ. टोरांटोला गेलेल्या कोलकात्याच्या हक्कांची हिरव्या मिरचीची चिली चिकन, तोही हक्काच. दोघांत समान काय? कोंबडी! म्हणजे पदार्थावरून हक्का ठरत नाही, करणाऱ्यावरून ठरतो. हे म्हणायला काहीच हरकत नाही. पण मग ‘चव टिकली’ असं म्हणता येत नाही. टिकली ती ओळख. ही दोन वेगळी चलं आहेत आणि पुस्तक सोयीप्रमाणे एकावरून दुसऱ्यावर उडी मारतं.

भरलेल्या टोफूची गोष्टही तशीच. हक्का घरांतून सांगतात की उत्तरेत गव्हाच्या पारीचे डंपलिंग करायचो, दक्षिणेत गहू मिळेना म्हणून सारण टोफूत भरलं. गोड गोष्ट आहे, मला खोटी ठरवायची नाही. पण ती खोटी ठरेल असा पुरावा कोणता असेल, हे सांगता येतं का? नसेल येत, तर ती आठवण आहे, गृहीतक नव्हे.

यावर उतारा हवा असेल तर सो-तेंग लिआंग यांचं १९९७ चं ‘मायग्रेशन अँड एथ्निसिटी इन चायनीज हिस्टरी’ वाचा. लुओ श्यांगलिन यांनी १९३३ मध्ये उत्तरेकडून आलेल्या पाच लाटांची मांडणी केली होती. लिआंग मूळ कुठलं यावर अडून बसत नाहीत, ते तुलना करतात. हक्कांसारख्याच पार्श्वभूमीचे, डोंगरात झोपड्या बांधून राहिलेले ‘पंगमिन’ लोक होते. त्यांचा वेगळा समाज घडला नाही. हक्कांचा घडला, कारण दक्षिणेत स्थानिकांशी त्यांचा संघर्ष झाला. इतिहासाच्या पुस्तकात चक्क कंट्रोल ग्रुप! वाचताना मी खरंच उठून फेऱ्या मारल्या.

आता कोलकात्याचं टांगरा घ्या. चामड्याचं काम वरच्या जातींना वर्ज्य, म्हणून ती जागा हक्कांना मिळाली. एलन ऑक्सफेल्ड यांनी १९९३ च्या पुस्तकात हे छान मांडलंय. १९६२ च्या युद्धानंतर हजारो भारतीय चिनी लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं. सुटल्यावर अनेकांनी देश सोडला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्याचे चामड्याचे कारखाने हलवायला सांगितले. टांगऱ्यातल्या आणि टोरांटोतल्या उपाहारगृहांमागे हे सगळं आहे. याला नुसतं ‘चिवटपणा’ म्हटलं की छावणीही गायब होते आणि न्यायालयाचा आदेशही. उरते फक्त चविष्ट चिली चिकन.

पाककृतीच्या पुस्तकाकडून एवढी अपेक्षा ठेवणं अन्याय आहे, असं माझी रूममेट म्हणते. अर्धं पटतं. लेखिका प्रबंध लिहीत नव्हती, आजीची आठवण जपत होती, आणि ते तिने मनापासून केलंय. पण प्रबंध मी लिहीत होते. माझ्या मसुद्यात ‘रेझिलियन्स’ अकरा वेळा होतं. गाइडनी प्रत्येकाभोवती गोल केला आणि समासात लिहिलं, ‘कोणता धक्का? आधी काय होतं? कशाशी तुलना?’ परिसंस्थांच्या अभ्यासात सी. एस. हॉलिंग यांनी १९७३ मध्ये हा शब्द मांडला तो व्यवस्थेतले संबंध धक्का पचवून टिकतात का, हे मोजण्यासाठी. माझ्याकडे मोजण्यासारखं काहीच नव्हतं, नुसतं भारावणं होतं.

दोन दिवस रुसून बसले, मग प्रस्ताव पुन्हा लिहिला. आता त्यात मिठाची चार प्रमाणं आहेत, मीठ न घातलेली एक बरणी आहे, आणि ज्या घरांनी पाला खारवणं सोडलं त्यांच्यासाठी वेगळी प्रश्नावली. पहिल्याच घरी उत्तर मिळालं, ‘फ्रिज आला, बास.’