रँक खाली, मग राज्याला उपयोग काय?

"रँक एवढी खाली, मग सरकारने पैसे का घालायचे?" सरकारी लॉ स्कूलबद्दल हा प्रश्न हमखास येतो. मला यात संशोधनाच्या दृष्टीने एक गडबड दिसते: मोजलं एक आणि निष्कर्ष काढला दुसऱ्याचाच.

एनआयआरएफमध्ये परराज्यातल्या विद्यार्थ्यांच्या प्रमाणालाही गुण आहेत. म्हणजे साताऱ्या-सांगलीची मुलं जास्त घेतली, तर त्या रकान्यात गुण कमीच! राज्याचा फायदा मोजायला ही पट्टी कशी चालेल?

महाराष्ट्राने २०१४ च्या कायद्याने मुंबई, नागपूर आणि औरंगाबादसाठी राष्ट्रीय विधी विद्यापीठं आणली. त्यांना विचारायचा प्रश्न वेगळा आहे: सनद घेतल्यावर पाच वर्षांनी मुलं कुठे उभी राहतात? १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतंय. सातारा, सांगली त्याच्याच कक्षेत. तिथल्या वकीलपत्रांवर कुणाची नावं आहेत, हे मोजता येईल.

पण थांबा, नुसती मोजणीही पुरत नाही. साताऱ्याच्या इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेजात शिकूनही तोच मुलगा त्याच कोर्टात उभा राहिला असता का? 'असता' असेल, तर ते श्रेय विद्यापीठाचं नाही. ही तुलना न करता "फायदा होतो" म्हणणारेही रँकवाल्यांइतकेच चुकतात.

प्रपोजल लिहिताना आधी स्वतःला विचारा: मी मोजतोय ते नक्की काय?