पगारी कामं आणि काल्पनिक राज्यं

ब्रँडन सँडरसन या अमेरिकन लेखकाच्या संकेतस्थळावर त्याच्या हातातल्या कादंबऱ्यांची प्रगती टक्केवारीत वाचायला मिळते. कुठल्या पुस्तकाचा खर्डा कितपत झाला, कुठल्याची दुरुस्ती कुठवर आली, सगळं उघड्यावर. 2022च्या मार्चमध्ये त्याने जाहीर केलं की करोनाकाळात प्रवास थांबले तेव्हा आपण गुपचूप चार जादा कादंबऱ्या लिहून ठेवल्या आहेत. त्या छापण्यासाठी त्याने वाचकांकडे थेट पैसे मागितले आणि महिनाभरात चार कोटी डॉलरहून जास्त जमले. दुसऱ्या टोकाला जॉर्ज आर. आर. मार्टिन. त्याच्या महामालिकेचा पाचवा खंड जुलै 2011मध्ये आला, सहाव्याची वाट अजून पाहिली जाते आहे. फँटसी कादंबरीबद्दल बोलणं निघालं की ते आजकाल या दोघांच्या मध्ये झुलत राहतं: एक किती भराभर लिहितो आणि दुसरा लिहीतच कसा नाही.

ही चर्चा मला वांझोटी वाटते. लेखकाचा वेग हा त्याच्या प्रकृतीचा भाग झाला. माल कुठून येतो, हा विचारण्याजोगा प्रश्न. या प्रकारातली जी पुस्तकं पन्नास-सत्तर वर्षांनंतरही टिकून आहेत त्यांच्या मागे जाऊन पाहिलं, तर ती राज्यं इतर फँटसी वाचून उभी राहिलेली नाहीत. कुठल्यातरी रुक्ष, पगारी किंवा घरगुती कामात लेखक वर्षानुवर्षं मुरला होता आणि तिथलं ज्ञान नकळत राजवाड्यांच्या पायात भरलं गेलं.

जे. आर. आर. टॉल्किनचं उदाहरण सगळे देतात, पण बहुधा चुकीच्या कारणासाठी. नकाशे, वंशावळी, कृत्रिम भाषा हे सगळं त्याच्याकडून उचललं गेलं. मुळात तो माणूस ऑक्सफर्डमध्ये प्राचीन इंग्रजीचा प्राध्यापक होता. पहिल्या महायुद्धात सोमच्या खंदकांतून आजारी पडून परतल्यावर त्याने काही काळ ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशासाठी नोंदी केल्या. डब्ल्यू या अक्षराचे शब्द त्याच्या वाट्याला होते आणि ‘वॉलरस’च्या व्युत्पत्तीने त्याला चांगलंच छळलं. चार मुलांच्या संसाराला हातभार म्हणून उन्हाळ्यात तो शालेय परीक्षांचे पेपर तपासायचा. त्यातल्याच एका उत्तरपत्रिकेत कोरं पान सापडलं आणि त्यावर ‘हॉबिट’चं पहिलं वाक्य उमटलं, हे त्याने स्वतः सांगितलं आहे. त्या पुस्तकातल्या बुटक्यांची बहुतेक नावं जुन्या नॉर्स काव्यातल्या एका यादीतून आली. गँडाल्फ हे नावही तिथलंच.

‘हॉबिट’ 1937मध्ये आलं, प्रकाशकाने पुढचा भाग मागितला आणि डिसेंबरात लेखन सुरू झालं. ते संपायला साधारण बारा वर्षं लागली. युद्धकाळात कागदाची टंचाई, तासिका, परीक्षा, विभागाचं राजकारण. मोरियाच्या अंधाऱ्या खाणीत बॅलिनच्या थडग्यापाशी पात्रं पोचली आणि लेखक तिथेच जवळपास वर्षभर अडकला. 1944मध्ये धाकटा मुलगा ख्रिस्टोफर हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत होता, त्याला एकेक प्रकरण पोस्टाने जात राहिलं. शेवटी एवढं मोठं हस्तलिखित टंकलेखकाकडून करून घेणं परवडेना म्हणून प्राध्यापकमहाशयांनी ते स्वतःच टाइप केलं. चंद्राच्या कला आणि पात्रांच्या मुक्कामाच्या रात्री जुळत नाहीत असं दिसलं की मागची पानं फिरवून दुरुस्त करायची, हा खाक्या. हे कोशकाराचं वळण आहे. नोंद चुकलेली त्याला झोपू देत नाही. मोठ्या ग्रंथाला जे वजन आहे ते जादूच्या अंगठीचं कमी आणि या चिकटपणाचं जास्त आहे, असं माझं मत.

उर्सुला ले ग्विनचा मार्ग वेगळा. तिचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे बर्कलीचे मानववंशशास्त्रज्ञ. कॅलिफोर्नियातल्या ‘याही’ नावाच्या जमातीचा शेवटचा माणूस 1911मध्ये जंगलाबाहेर आला तेव्हा त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांत ते होते. त्या माणसाने आपलं खरं नाव कधीच कुणाला सांगितलं नाही. इशी हे नाव त्याला क्रोबर यांनी दिलेलं. उर्सुलाचा जन्म त्यानंतरचा, 1929चा, पण आईने इशीवर लिहिलेलं पुस्तक 1961मध्ये प्रसिद्ध झालं आणि सात वर्षांनी मुलीची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ आली. त्या द्वीपसमूहात प्रत्येकाला एक खरं नाव असतं, ते जपून लपवलं जातं आणि सगळी जादू त्या नावाभोवती फिरते. दुवा मी जोडतो आहे, पण तो ओढूनताणून जोडलेला वाटत नाही. घरात जेवणाच्या टेबलावर परक्या संस्कृतींबद्दल आदराने बोललं जात असेल, तर त्या घरातली मुलगी आपल्या नायकाला 1968 साली तांबूस-सावळ्या कातडीचा करते, यात नवल नाही. 2004च्या दूरचित्रवाणी मालिकेने त्याला गोरा केला तेव्हा तिने जाहीरपणे खडसावलं.

तिची दिनचर्या नवलेखकांमध्ये फार फिरते. पहाटे साडेपाचला जाग, पडल्या पडल्या विचार, भरपेट न्याहारी, सव्वासातपासून दुपारपर्यंत लेखन, मग वाचन-संगीत, मग पत्रं आणि जमल्यास घर आवरणं. रात्री आठनंतर आपण निर्बुद्ध होतो, असं तिने गमतीने म्हटलं होतं. ही दिनचर्या भिंतीवर चिकटवणारे विसरतात की ती 1988ची आहे, तिन्ही मुलं मोठी झाल्यानंतरची. अर्थसीचे पहिले खंड लिहिताना पोर्टलंडच्या घरात मुलं लहान होती आणि नवरा इतिहास शिकवत होता. तेव्हाची दिनचर्या कुणी विचारत नाही.

टेरी प्रॅचेटकडे पाहिलं की माझा मुद्दा आणखी सोपा होतो. सतराव्या वर्षी शाळा सोडून तो स्थानिक वृत्तपत्रात लागला. पुढे ब्रिटनच्या वीजमंडळात अणुवीज केंद्रांचा प्रसिद्धी अधिकारी झाला आणि 1987पर्यंत तिथेच राहिला. सुरुवातीच्या काळात संध्याकाळी घरी आल्यावर रोज चारशे शब्द, हा त्याचा नेम. कादंबरी तीनशे शब्दांवर संपली तर उरलेले शंभर पुढच्या कादंबरीचे. डिस्कवर्ल्डच्या एकेचाळीस कादंबऱ्यांत जादूगार आहेतच, पण आंख-मॉरपॉर्क शहर चालतं ते टपालखात्यावर, टांकसाळीवर, पोलिसचौकीवर आणि छापखान्यावर. सरकारी निवेदन कसं लिहितात आणि त्यात काय लपवतात हे जो पगार घेऊन शिकला, त्यालाच असं शहर सुचतं. 2007मध्ये अल्झायमर्सचा एक दुर्मीळ प्रकार झाल्याचं त्याने जाहीर केलं. टाइप करणं अशक्य झालं तेव्हा सांगून लिहवून घेतलं, पण नेम चालू राहिला.

आता आजचं. हा प्रकार पूर्वी कधी नव्हता इतका श्रीमंत झाला आहे. रेबेका यॅरोसची ‘फोर्थ विंग’ मे 2023मध्ये आली, तिचा पुढचा भाग त्याच वर्षी नोव्हेंबरात आणि तिसऱ्या भागाच्या 27 लाख प्रती जानेवारी 2025मध्ये पहिल्या आठवड्यात खपल्या. प्रेमकथा आणि ड्रॅगन यांचं हे मिश्रण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. यॅरोसला स्वतःला सांध्यांचा एक जन्मजात विकार आहे, तिच्या नायिकेलाही तो आहे, आणि निखळणाऱ्या सांध्यांनिशी प्रशिक्षण काढणाऱ्या मुलीची पानं खरी उतरली आहेत. सैन्यातलं घर तिने जवळून पाहिलं आहे, तेही दिसतं. बाकीचा भाग मात्र इतर फँटसीतून आलेला. सहा महिन्यांत जाडजूड खंड हवा असेल तर दुसरं होणार काय? लेखकाला नवीन काही मुरवायला फुरसतच मिळत नाही. सँडरसनचाही माझा आवडता काळ तो हॉटेलात रात्रपाळी करायचा तेव्हाचा. एक पुस्तक विकलं जाण्याआधी त्याने डझनभर कादंबऱ्या लिहून काढल्या होत्या. आज त्याची जादूची व्यवस्था हिशेबाच्या वहीइतकी चोख असते आणि तितकीच कोरडी.

याला अपवाद आहेत आणि ते ठळक आहेत. एन. के. जेमिसिनला 2016 ते 2018 सलग तीन वर्षं सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ह्यूगो मिळाला. ती व्यवसायाने समुपदेशक. पहिला ह्यूगो मिळाला त्याच वर्षी वाचकांच्या मासिक वर्गणीवर तिने नोकरी सोडली. धरणीकंप आवरणाऱ्या आणि त्याच शक्तीपायी गुलाम केलेल्या माणसांची ती कथा, दुखावलेल्या माणसांसमोर बसून ऐकण्याचा सराव नसता तर अशी लिहिली गेली नसती.

आपल्याकडे नाथमाधवांची ‘वीरधवल’ पिढ्यांनी वाचली. पुढे मात्र या प्रकाराचं सगळं बळ इतिहासाने आणि पुराणाने ओढून नेलं: ‘ययाति’, ‘मृत्युंजय’. कल्पित देश हवा असेल तर ‘रमलखुणा’तल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथांकडे जावं लागतं. धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या जी. ए. कुलकर्णींनी 1975च्या त्या पुस्तकात नकाशावर नसलेले प्रदेश उभे केले आणि त्यांना नकाशा जोडण्याची गरज त्यांना वाटली नाही. आपल्या समीक्षेने त्यांना नियतीचे, अस्तित्वाचे कथाकार म्हणून कपाटात बसवलं, त्यामुळे फँटसी लिहू पाहणारा तरुण त्यांच्याकडे पूर्वज म्हणून पाहत नाही. तो अनुवादित हॅरी पॉटरपासून सुरुवात करतो आणि मग पोरांची शाळा, छड्या आणि गणवेश लिहितो.

सुझॅना क्लार्क पाककृतींच्या पुस्तकांची संपादक होती. नोकरी सांभाळत, तुकड्यातुकड्यांनी, दहाएक वर्षांत तिने ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’ लिहिली. ती 2004मध्ये आली आणि गाजली. त्यानंतर थकव्याचा चिवट आजार जडला, घराबाहेर पडणं दुरापास्त झालं. पुढची कादंबरी ‘पिरानेसी’ यायला सोळा वर्षं गेली, आणि ती आधीच्या जाड ग्रंथाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही नाही. अंत नसलेल्या दालनांच्या घरात एक माणूस जवळपास एकटा राहतो. खालच्या मजल्यांवर समुद्र येतो-जातो. तो भरतीची वेळापत्रकं मांडतो, पुतळ्यांची नोंद ठेवतो आणि त्या घराबद्दल कृतज्ञ असतो. 2021चा विमेन्स प्राइझ तिला मिळाला. तिच्या मोठ्या पुस्तकाचा पुढचा भाग कधी येणार, असं तिलाही विचारलं जातंच.