सन्मानाचे शब्द आणि हरवलेला कर्ता : मराठीतील 'सर्वसमावेशक' भाषेची एक चिकित्सा

मराठी समाजातील उपपदांचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज म्हणून लग्नपत्रिकेकडे पाहता येते. तीत पुरुष लहानपणी 'चि.' असतो, मोठेपणी 'श्री.' होतो आणि अखेरपर्यंत 'श्री.'च राहतो. स्त्री मात्र 'कु.' असते, विवाहाच्या दिवशी 'चि. सौ. कां.' होते, पुढे 'सौ.' आणि पतीच्या निधनानंतर 'गं. भा.'. पत्नी निवर्तलेल्या पुरुषासाठी 'विधुर' हा शब्द कोशात आहे. परंतु त्याचे उपपद कोणत्याही पत्रिकेत छापले जात नाही. 'राजकीय औचित्य' आणि सर्वसमावेशक भाषा यांची आपल्याकडील चर्चा बहुधा पाश्चात्त्य विद्यापीठांतील वादांपासून सुरू होते आणि तेथेच संपते. प्रस्तुत लेखात ती या पत्रिकेपासून सुरू करावयाची आहे.

एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा' या शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' असा शब्दप्रयोग करण्याबाबत प्रस्ताव सादर करावा, असे आपल्या विभागास कळविले. हेतू सन्मानाचा होता, असे सांगण्यात आले. त्यावर तीव्र टीका झाली आणि तसा कोणताही निर्णय झालेला नाही, असा खुलासा करावा लागला. (गंगा आणि भागीरथी ही एकाच नदीची दोन नावे, एका स्त्रीच्या वैधव्यासाठी नदी दोनदा का खर्ची घालावी, हे एक कोडेच आहे.) यातील विसंगती अशी की, ज्या उपपदाने स्त्रीचे वैधव्य आजवर चारचौघांत जाहीर केले, तेच उपपद सर्वसमावेशक म्हणून पुढे आले. 'विधवा' या शब्दाचा मूळ अर्थ 'धव नसलेली' असा सांगितला जातो. प्रत्यक्षात 'धव' हा शब्दच 'विधवा'ची मागाहून फोड करून काढला गेला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे ज्या शब्दात मुळात पती नव्हता, त्यातही आपण तो शोधून काढला. 'गंगा भागीरथी'त तो दिसत नाही. पण त्याच्या जाण्याचे पावित्र्य स्त्रीने उरलेले आयुष्य वाहायचे असते.

याच्या वर्षभर आधी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या कृती बंद कराव्यात, असे त्या ठरावाचे स्वरूप होते. त्यात 'विधवा' हाच शब्द होता. ठरावाला शब्दाची लाज वाटली नाही, कारण त्याचा रोख कृतीवर आणि कृती करणाऱ्यांवर होता. राज्य शासनानेही त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा, असे परिपत्रक काढले. या दोन घटनांतील फरक प्रस्तुत लेखिकेला महत्त्वाचा वाटतो. मराठीत (आणि एकूण भारतीय भाषांत) सन्मानाची वाट संस्कृताकडे, आणि संस्कृतातून देवाकडे जाते. त्या वाटेवर शब्द उजळतो. परंतु वाक्यातला कर्ता हरवतो.

'हरिजन' हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. १९३३ साली गांधीजींनी त्या नावाचे साप्ताहिक पुण्यातून सुरू केले आणि शब्द देशभर रूढ झाला. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्थानिक स्वराज्य संस्थांविषयीच्या विधेयकात हा शब्द आला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी त्यास विरोध करून सभात्याग केला. आक्षेप साधा होता. ज्यांना नाव द्यायचे त्यांना विचारलेले नव्हते, आणि नाव गोड असल्याने स्थिती गोड होत नव्हती. पुढे १९८२ मध्ये केंद्र सरकारने जातीच्या दाखल्यांवर हा शब्द न वापरण्याच्या सूचना दिल्या. म्हणजे सभागृहातील त्या आक्षेपाला कागदावर उतरण्यास ४४ वर्षे लागली.

याउलट 'दलित'. हे संस्कृतातील कर्मणी भूतकालवाचक धातुसाधित आहे. व्याकरणाच्या तासाला आपण विद्यार्थ्यांना शिकवितो की कर्मणी रचनेत कर्ता अनुक्त असला, तरी तो असतो. 'दलित' म्हटले की कोणी दळले, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. 'हरिजन' म्हटल्यावर तो राहत नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने हा शब्द झेंड्यासारखा वापरला, त्याचे एक कारण त्याच्या व्याकरणातच आहे, असे म्हणावयास हरकत नाही. ('अनुसूचित' हेही धातुसाधितच, पण त्यातील अनुक्त कर्ता केवळ यादी करणारा कारकून आहे.) ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी दूरचित्रवाणी वाहिन्यांना 'दलित' ऐवजी 'अनुसूचित जाती' म्हणण्याचा सल्ला दिला, तेव्हा औचित्याच्या नावाखाली निवडलेला शब्द काढून घेऊन नेमलेला शब्द दिला गेला. अर्थात, नामकरणाचा अधिकार ज्याचा त्याला, एवढे म्हणून प्रश्न सुटत नाही. अनेक बौद्धांना 'दलित' ही ओळखही मागे सोडावीशी वाटते, आणि त्यांचे म्हणणे डावलून चळवळीचा शब्द त्यांच्यावर लादणे हेही त्याच जुन्या सवयीचे नवे रूप ठरेल.

'परित्यक्ता' या शब्दाविषयीही असेच म्हणता येईल. तेही धातुसाधित आहे. तथापि संस्कृताच्या पदराखाली ते सौम्य होते. निशा शिवूरकर यांनी आपल्या पुस्तकाला 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' हे नाव दिले. 'टाकलेली' हा शब्द कानाला बोचतो. टाकणारा घरात बसलेला आहे, हे तो लपवीत नाही.

'दिव्यांग' हा शब्द डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांच्या आकाशवाणीवरील भाषणातून पुढे आला आणि पाहता पाहता कार्यालयीन झाला. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रात याच नावाचा स्वतंत्र विभागही स्थापन झाला. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या काही संघटनांनी या दिव्यत्वाला आक्षेप घेतला, तर अनेकांनी तो शब्द आपलासाही केला. त्यांच्या पसंतीवर बाहेरून निवाडा देणे योग्य नव्हे. पण आपल्या परीने एक साक्ष नोंदवावीशी वाटते. प्रस्तुत लेखिका काही वर्षांपूर्वी एका परीक्षा केंद्रावर पर्यवेक्षक होती. फलकावर 'दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र बैठक व्यवस्था' असे सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते. ती खोली दुसऱ्या मजल्यावर होती. कुबड्या घेतलेल्या एका विद्यार्थ्याला दोन शिपायांनी उचलून वर नेले. मी त्याच्या उत्तरपत्रिकेवर स्वाक्षरी केली आणि त्या सूचनेतील शब्द शुद्ध होता, याचे समाधान त्या वेळी मला खरोखरच वाटले होते, हे आज लिहिताना संकोच होतो.

भाषाशुद्धीचा हा आग्रह साहित्याच्या दारात आल्यावर तर अधिकच सावध राहावे लागते. लक्ष्मण माने यांचे 'उपरा', लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या', किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर', लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी' : यांतील प्रत्येक शीर्षक म्हणजे समाजाने फेकलेला शब्द उचलून समाजासमोर ठेवणे आहे. औचित्याच्या कोणत्याही यादीत हे शब्द वर्ज्य ठरतील. असे शब्द वर्गात कसे उच्चारावेत, असा प्रश्न काही सहकारी विचारतात. लेखकाने स्वतःसाठी वापरलेला शब्द आपण संहितेसह उच्चारावा. वर्गातील विद्यार्थ्यासाठी तो कधीही वापरू नये. हा भेद यादीने शिकविता येत नाही.

याचा अर्थ शासकीय शब्दबदल निरर्थक असतात, असा मुळीच नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय घेतला. वस्ती गावकुसाच्या ज्या बाजूला होती तेथेच राहिली, हे खरे. परंतु नोकरीच्या अर्जावरील पत्त्यातून जात वाचली जाणे थांबले, तर तो लाभ लहान नव्हे.

किशोर काळे यांच्या नावातील 'शांताबाई' हे आईचे नाव आहे. १९९४ साली पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ते धाडस होते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने, १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावात आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम शासकीय कागदपत्रांवर बंधनकारक केला. येथे कोणालाही देवत्व दिलेले नाही. एक व्यक्ती, जी होतीच, ती कागदावर आली. ही मुले आपल्या महाविद्यालयांत साधारण २०४२ मध्ये प्रवेश घेतील. मात्र विवाहित स्त्रीच्या बाबतीत त्याच निर्णयाने प्रचलित पद्धत कायम ठेवली आहे : तिचे नाव, त्यापुढे पतीचे नाव, मग आडनाव. मुलाच्या नावात जी आई प्रथमच उमटेल, तिच्या स्वतःच्या नावात तिची आई असणार नाही.