मिरपूडदाणी आणि गैरहजर विद्यार्थी

संख्याशास्त्रासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘आर’ या संगणकभाषेची सुरुवात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात केली. ही भाषा शिकवणारे ‘आर फॉर डेटा सायन्स’ हे पुस्तक (लेखक : हॅडली विकहॅम, मिने चेतिन्काया-रुंडेल आणि गॅरेट ग्रोलमंड, दुसरी आवृत्ती, २०२३) इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते. संपूर्ण पुस्तकाचे परीक्षण येथे करायचे नाही. ‘यादीतली यादी’ हा नवशिक्याला हमखास अडखळवणारा विषय त्यात कसा मांडला आहे, एवढेच पाहू या.

आरमधील यादीत काहीही ठेवता येते : संख्या, शब्द आणि दुसरी यादीसुद्धा. एका वर्गाची यादी घेतली, तर तिच्यात प्रत्येक विद्यार्थ्याची एक यादी असेल आणि त्या यादीच्या पोटात विषयवार गुणांची आणखी एक. आता यातून हवी ती वस्तू बाहेर कशी काढायची? एकेरी चौकटी कंस वापरले, तर यादीचा तुकडा मिळतो. पण तो तुकडाही यादीच असतो. दुहेरी कंस वापरले, तर आतली वस्तू हाती येते. म्हणजे वर्ग[१] हा एकाच विद्यार्थ्याचा वर्ग, तर वर्ग[[१]] हा प्रत्यक्ष विद्यार्थी.

लेखकांनी हा फरक छायाचित्रांनी समजावला आहे. हॉटेलच्या खोलीत विकहॅम यांना एक मिरपूडदाणी दिसली. तिच्यात सुटी पूड नव्हती, कागदी पुड्या होत्या. एकेरी कंसांनी एक पुडी असलेली दाणी मिळते, दुहेरी कंसांनी नुसती पुडी. उपमा नेमकी आहे, गमतीची आहे आणि एकदा पाहिली की विसरत नाही.

मात्र शिक्षकाने प्रत्येक उपमेला आणखी एक प्रश्न विचारायला हवा : ही कुठपर्यंत साथ देते? दाणीत पुडी नसेल, तर बोटांना ते लगेच कळते. आरचे तसे नाही. समजा, एका विद्यार्थ्याच्या यादीत ‘गणित’ ही नोंदच नाही. वस्तू क्रमांकाने मागितली आणि तो क्रमांक दुहेरी कंसांत यादीबाहेरचा निघाला, तर आर चूक दाखवून थांबते. पण नावाने मागितली आणि ते नाव यादीत नसले, तर ती ‘नल’ म्हणजे ‘काहीच नाही’ असे उत्तर देते आणि निमूट पुढे जाते. या ‘नल’च्या आतले काही मागितले, तरी पुन्हा ‘नल’च. त्याची बेरीज करायला सांगितली, तर उत्तर येते ०. परीक्षेला न बसलेल्या मुलाला शून्य गुण पडले!

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. तीन विद्यार्थ्यांचे गणिताचे गुण मागितले आणि ४५, नल, ३८ अशी यादी आली. ती ‘अनलिस्ट’ या आज्ञेने सपाट केली, की दोनच संख्या उरतात. मधला विद्यार्थी नाहीसा होतो आणि तिसऱ्याचे ३८ गुण दुसऱ्या जागेवर येऊन बसतात. संगणक यावर एका शब्दानेही सावध करत नाही.

लेखकांना हे ठाऊक नाही असे मुळीच नाही. एकात एक गुंतलेल्या माहितीवरच्या प्रकरणात त्यांनी सांगितले आहे, की आतली यादी रिकामी असेल तर तक्ता करताना ती ओळच गळते आणि ती राखायची तर तशी स्पष्ट सूचना द्यावी लागते. पण हा इशारा तेथे ओघात येऊन जातो आणि मिरपूडदाणी त्यानंतर काही प्रकरणांनी भेटते. दोहोंची गाठ कोठेच पडत नाही. वाचकाच्या लक्षात राहते ती दाणी. रिकाम्या दाणीचे एक चौथे छायाचित्र तेथे असते, तर ही उणीव भरून निघाली असती.

वर्गात ही उपमा जरूर वापरावी. त्यासाठी आपला मसाल्याचा डबाही चालेल. मात्र लगेच एका विद्यार्थ्याची नोंद मुद्दाम गाळून पाहावी. उत्तर काय येईल ते मुलांनी आधी वहीत लिहावे, मग आरला विचारावे. त्यानंतर गाळलेल्या जागी ‘एनए’ ही अज्ञात मूल्याची खूण लिहावी. ही खूण आपली जागा सोडत नाही आणि बेरीज विचारल्यास उत्तरही ‘एनए’ देते, म्हणजे माहिती अपुरी असल्याचे उघड होते. ‘व्हीॲप्लाय’ ही आज्ञाही दाखवावी. प्रत्येकाकडून एकेक संख्या आलीच पाहिजे असे तिला बजावता येते आणि एखाद्याकडून ती आली नाही, तर ती काम थांबवते.

शून्य गुण, गैरहजर आणि पटावर नावच नसणे यांतला फरक शिक्षकांना सांगायला नको. पुस्तक वाचण्याजोगे आहेच; फक्त ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचावीत.