कुऱ्हाडीचं आत्मवृत्त

मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी झाडाचं आत्मवृत्त लिहिलेलं असतं. सुरुवात ठरलेली: दमलेला मुलगा सावलीत बसतो आणि झाड बोलू लागतं. मग फळं, फुलं, प्राणवायू, पाखरांची घरटी. शेवटी 'माणसा, मला तोडू नकोस' अशी विनवणी. मुलांसाठीचं आपलं बरंचसं पर्यावरणविषयक लेखन म्हणजे याच निबंधाची चित्रं घातलेली आवृत्ती वाटते. झाड रडतं, नदी रडते, चिमणी रुसून निघून जाते आणि गोष्टीतला गुणी मुलगा वाढदिवसाला रोप लावतो.

झाड कुणी तोडलं, कशासाठी तोडलं, त्यातून कुणाला काय मिळालं, हे या गोष्टींत सहसा कळत नाही. दोष असतो 'माणसा'चा. तो सगळ्यांवर येतो, म्हणून कुणावरच येत नाही.

डॉ. स्यूस या अमेरिकन लेखकाचं 'द लोरॅक्स' 1971 साली आलं. त्यात झाडांच्या वतीनं भांडणारा एक मिशाळ, चिडका प्राणी आहे. पुस्तकाला नाव त्याचंच आहे, पण घडलेली हकिगत तो सांगत नाही. ती सांगतो वन्सलर, म्हणजे सगळं जंगल संपवणारा कारखानदार. चित्रांत त्याचा चेहरा कुठेच नाही, दिसतात फक्त हिरवे हात. एक वस्तू विणायला तो पहिलं झाड तोडतो. ती विकली जाते. मग तो नातेवाइकांना कामाला बोलावतो, कारखाना उभारतो, एका फटक्यात चार झाडं पाडणारं यंत्र बनवतो. फळं संपतात म्हणून अस्वलासारखे प्राणी जातात, धुरानं गळा धरतो म्हणून पक्षी जातात, तळ्यात घाण सोडली जाते म्हणून मासे जातात. प्रत्येकाच्या जाण्याला वेगळं कारण आहे आणि तेही लहान मुलाला बोटावर मोजता येईल असं.

लोरॅक्स दर वेळी येऊन उपदेश करतो आणि दर वेळी हरतो. वाचणाऱ्या मुलाच्या मनात राहतं ते तोडणाऱ्यानं स्वतःच्या तोंडून सांगितलेलं. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण आपल्याकडे आहेच. त्या दांड्याचं म्हणणं मात्र आपण मुलांना क्वचितच ऐकवतो.

आपल्याजवळचं, खरं घडलेलं उदाहरणही आहे. मुंबईत वाढलेल्या सलीम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली चिमणी, हे विचारायला मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखला आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह या पोराला उघडून दाखवला. पुढे 1985 साली आलेल्या आत्मचरित्राला सलीम अलींनी त्या पडलेल्या चिमणीवरूनच नाव दिलं: 'द फॉल ऑफ अ स्पॅरो'. आपल्या नेहमीच्या बालकथेत या चिमणीनं मरता मरता एक भाषण केलं असतं आणि मुलगा तिथंच सुधारला असता. मग पक्षी ओळखायला तो कुठे गेला असता?

तरीही 'लोरॅक्स'मधली एक सोय मला खटकते. वन्सलर विणतो ती वस्तू निव्वळ निरुपयोगी आहे, त्यामुळे मुलाला बाजू निवडणं फार सोपं जातं. 1989 साली कॅलिफोर्नियातल्या लेटनव्हिल या लाकूडतोडीवर जगणाऱ्या गावात हे पुस्तक दुसरीच्या सक्तीच्या वाचनातून काढा अशी मागणी झाली. आपले आईबाप खलनायक आहेत असं मुलांना वाटू नये, ही तिथली भावना होती. नव्वदच्या दशकात लाकडी फरशी बनवणाऱ्यांच्या संघटनेनं 'ट्रुअॅक्स' नावाचं प्रत्युत्तरही काढलं. ते प्रचारकीच आहे, फक्त उपदेश दुसऱ्या बाजूनं केलेला आहे. पण त्यामागचा प्रश्न खरा आहे: तोडलेल्या झाडातून खरोखरच गरजेचं काही मिळत असेल तर?

हा प्रश्न मुंबईच्या मुलांच्या रोजच्या रस्त्यावर आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेमध्ये दोन हजारांहून अधिक झाडं तोडली गेली. तोड सुरू झाली रात्री; विरोध करणाऱ्यांना अटक झाली. आता आरेपासून भुयारी मेट्रो धावते आणि लोकलच्या गर्दीत चेंगरलेल्या माणसाला ती हवीच असते. यावर झाडाचं आत्मवृत्त लिहून भागणार नाही. इथं सांगणारा करवत चालवणारा मजूर हवा, किंवा आराखड्यावर सही करणारा साहेब, किंवा आईबरोबर पहिल्यांदाच बसून प्रवास करायला मिळाल्यानं खूश झालेली मुलगी. ती खूश आहे आणि झाडंही गेली आहेत, हे दोन्ही एकाच पानावर ठेवायची हिंमत लेखकाकडे हवी. मुलं गोंधळतील, प्रश्न विचारतील, आणि काही प्रश्नांना आपल्याकडे उत्तर नसेल. असं पुस्तक मराठीत आलं, तर मी ते ओळखीतल्या प्रत्येक मुलाच्या हातात देईन.